आमच्या गळण्याबाबत

ऑक्टोबरात पुण्यात पानं लाल होत नाहीत, माणसं होतात. ही गोष्ट माझ्या भाचीच्या शाळेला माहीत नव्हती.

स्वराली दुसरीत आहे. तिच्या वर्कशीटवर एक रिकामा चौकोन होता आणि त्याखाली सूचना होती, की शरद ऋतूत लाल झालेलं एक पान इथे चिकटवा आणि ते लाल का झालं ते वर्गात समजावून सांगा. शेजारच्या चित्रात कानटोपी घातलेला एक मुलगा केशरी पानांच्या ढिगात उडी मारत होता. सदाशिव पेठेत पानांच्या ढिगात उडी मारायची असेल तर आधी काठीने आत काय आहे ते बघावं लागतं. पण तो मुलगा आनंदात होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ताईकडे राहतो आणि घरून काम करतो. या दोन गोष्टींमुळे आमच्या ‘कृतार्थ’ सोसायटीत असा समज आहे, की मी केव्हाही उपलब्ध असतो. तनुजाताईने ते वर्कशीट माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “सलिल, हे तुझं.” मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो. मीटिंगमधल्या सगळ्यांनी ते वाचलं आणि दोघांनी ‘नोटेड’ असं लिहिलं.

सोसायटीत झाड एकच. फाटकाशी उभा असलेला देशी बदाम. ऑक्टोबरात तो इतका हिरवा होता की रंगवल्यासारखा वाटत होता. मी वर्कशीटवर बाईंना चिठ्ठी लिहिली: ‘आमच्या सोसायटीत शरद ऋतू जानेवारीत येतो. कृपया मुदतवाढ मिळावी.’ मला वाटलं, बाई रागावतील. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘मंजूर. जानेवारीअखेर. समजावून मात्र स्वरालीने स्वतः सांगायचं आहे.’ ऋतूला मुदतवाढ मिळवणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

जानेवारीत बदाम शब्दाला जागला. खालच्या फांदीवरच्या एका पानाच्या देठाला स्वरालीने निळी लोकर बांधली, त्याला ‘पान नंबर एक’ असं नाव दिलं आणि रोज शाळेतून आल्यावर बाकावर चढून त्याची तपासणी सुरू केली. वहीत नोंदी होत्या. ‘आज कडेला पिवळं.’ ‘आज पिवळं जास्त.’ ‘आज लाल. मामा झोपला होता.’ शेवटच्या नोंदीचा विषयाशी काय संबंध, हे मी विचारलं नाही.

अठरा जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता मी झाडाखाली वर्ग घेतला. घ्यायचा एकट्या स्वरालीचा होता, पण बिल्डिंगमधली आणखी सहा मुलं आली, कारण त्यांच्या आयांना कळलं की फुकट आहे. आता पाचची वेळ आणि झाडाखालचा बाक ही दोन्ही ‘सायंकट्टा’ या ज्येष्ठांच्या मंडळाची मालमत्ता आहे, हे मला माहीत होतं. सहा जण रोज तिथे बसतात. पुण्यातल्या थंडीचा ते फार आदर करतात. कुणी तपकिरी मफलर, कुणी केशरी स्वेटर, मंदाकिनीकाकूंची हळदी रंगाची शाल. ते माझ्या मागे ओळीने बसले होते आणि मी मुलांकडे तोंड करून उभा होतो. एवढं चित्र नजरेसमोर ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मुलांना हरितद्रव्य वगैरे सांगण्यापेक्षा मी उदाहरण घेतलं. झाड म्हणजे एक ऑफिस. पानं म्हणजे तिथला स्टाफ. हिरवा रंग म्हणजे काम करायची ताकद. थंडीत काम कमी होतं, मग ऑफिस पानाला म्हणतं, आता पुरे, तुमच्याकडचं जे जे उपयोगाचं आहे ते जमा करा. किल्ल्या, ओळखपत्र, सगळं. पान ते परत देतं. मग ऑफिस देठापाशी एक बारीकसं दार बंद करतं. त्यानंतर पानाला काही काम नसतं. ते नुसतं बसून राहतं, वाऱ्याची वाट बघत.

मुलांना हे समजलं. मी आजवर जे काही कुणाला समजावलंय त्यात इतकं नीट कुणालाच समजलेलं नाही. सातही मुलांनी हळूहळू माझ्यावरून नजर काढून माझ्या मागे नेली. त्या केशरी, तपकिरी, हळदी ओळीकडे.

स्वरालीने हात वर केला. मला वाटलं, आता ही तेच बोलणार. पण तिने विचारलं, “मामा, हिरवं काढून घेतलं, मग लाल आलं कुठून?”

मला येत नव्हतं. मी म्हटलं, “ते वरच्या वर्गात आहे.” आणि वर्ग सुटला.

सायंकट्ट्याचे अध्यक्ष बाळकाका दांडेकर. वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. अख्ख्या पेठेत कुठल्या बोळातून कुठली तार गेली हे त्यांना पाठ आहे आणि आता तारा राहिल्या नाहीत याला ते सरकारला नाही, आम्हा तरुणांना जबाबदार धरतात. त्या दिवशी जेवताना त्यांच्या नातवाने, सार्थकने, त्यांना विचारलं, “आजोबा, तुम्ही किल्ल्या जमा केल्या का?”

प्रश्न निरागस होता. फक्त त्याच आठवड्यात बाळकाकांच्या सूनबाईंनी, तेजस्विनीवहिनींनी, त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेऊन देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली होती. काकांचा हात तिथे पोचत नाही. हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये असल्यामुळे मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मला जिन्यात भेटले. “आम्ही पडायची वाट बघत बसलोय, असं काल कळलं,” ते म्हणाले. “आधी सांगायचंत. जरा आवरून बसलो असतो.”

मी म्हटलं, काका, ते पानांबद्दल होतं.

“हो का. मग पानांना कळवा की आम्ही वाईट वाटून घेतलं नाही.”

संध्याकाळी पत्र आलं. मंदाकिनीकाकूंनी भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं काढली आहेत. त्यांच्या हाताखालून जे गेलं नाही ते घडलंच नाही, असं त्यांचं मत आहे. पत्र दोन प्रतींत होतं. ‘विषय: आमच्या गळण्याबाबत. संदर्भ: आपले दि. १८ जानेवारीचे तोंडी व्याख्यान.’ पुढे चार मुद्दे होते. त्यातला तिसरा, ‘सदर दार नेमके कोणी व कोणत्या अधिकारात बंद केले, याचा खुलासा व्हावा.’ मला पोच म्हणून सही करावी लागली.

मी लेखी खुलासा दिला. इथे मी चुकलो. पुण्यात तोंडी बोललेलं विसरलं जाऊ शकतं, लेखी खुलाशाला मात्र पुढे दप्तरी आयुष्य असतं. मी लिहिलं की झाड पानातली उपयुक्त द्रव्यं काढून घेतं आणि देठाशी पेशींचा थर तयार करून त्याचा पुरवठा बंद करतं, ही नैसर्गिक क्रिया आहे, आणि कुठल्याही पानाच्या भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता. खुलासा लाल शाईत दुरुस्त होऊन परत आला. दहापैकी चार. शेरा: ‘मुद्दा क्र. ३ अनुत्तरित.’

सायंकट्ट्याने निषेध म्हणून बाक सोडला आणि सहाही जण पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांच्यामधून वाट काढावी लागे. पाय उचलताना ते म्हणत, “या, या. आम्ही काय, नुसते बसलोय.”

एवढ्यावर भागलं असतं. पण आमचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण वैशंपायन दोन वर्षं या दिवसाची वाट बघत होते. वैशंपायनकाका एका विमा कंपनीत अधिकारी आहेत, त्यांची मार्चअखेर निवृत्ती होती आणि त्यांची नवी पांढरी गाडी बरोबर बदामाखाली उभी राहते. पानं गाडीवर, फळं गाडीवर, वटवाघळांचं जे काही असतं तेही गाडीवर. दोन वर्षं ते झाड तोडण्यासाठी अर्ज करत आणि दोन वर्षं सायंकट्टा सहा सह्यांची हरकत घेऊन अर्ज हाणून पाडत असे. बाकावर सावली दुसऱ्या कशाची येणार होती?

यंदा झाडावर नोटीस चिकटली. सात दिवसांत लेखी हरकती कळवाव्यात. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी सायंकट्ट्याचं पत्र चिकटलं: ‘आमची हरकत नाही. आम्हांस सावलीची गरज उरलेली नाही. आमचे दार बंद झालेले आहे.’ खाली सहा सह्या आणि तारीख.

स्वरालीला अजून जोडाक्षरं जपून वाचावी लागतात. तिने दोन्ही कागद बोट ठेवून वाचले. पाच मिनिटं लागली. मग तिने पान नंबर एक तपासलं, बाकावरून खाली उतरली आणि मला विचारलं, “मामा, झाड तुझ्यामुळे तोडणार?”

मी म्हटलं, थेट माझ्यामुळे असं नाही. तिने वहीत नोंद केली. काय केली ते मी नंतर चोरून वाचलं. ‘आज लाल. मामामुळे तोडणार.’

मी तातडीने संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी मला विचारलं, फ्लॅट तुमच्या नावावर आहे का. म्हटलं, मेव्हण्यांच्या. भाडेकरू आहात का. म्हटलं, नाही, मामा आहे. त्यांनी हरकतीचा फॉर्म माझ्या हातातून हळूच परत घेतला. पाहुण्याला झाडाबद्दल हरकत घेता येत नाही. कुठल्याच परिस्थितीत नाही का, असं मी तरीही विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की विशेष बाब म्हणून घेता येईल, पण झाडासोबतचा अलीकडचा फोटो लागेल, आणि दोघांचे चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत.

मी फोटो काढला. सात काढले. झाडाचा चेहरा कुठला यावर ताई आणि माझ्यात मतभेद झाले. त्यातले तीन चांगले फोटो घेऊन गेलो तर गृहस्थ म्हणाले, झाड ठीक आहे, तुमचा चेहरा सावलीत गेलाय.

या काळात मी एकच काम नीट केलं. स्वरालीच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. दुपारी ऑफिसच्या वेळेत, मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून. उत्तर वाचलं आणि मला पहिल्यांदाच कळलं की मी सात मुलांना आणि सहा ज्येष्ठांना अर्धाच धडा शिकवला होता. अर्धा, आणि तोही दुखणारा अर्धा.

सातव्या दिवशी दुपारी चारला पाहणीसाठी माणूस आला. तोच, खिडकीवरचा. नाव ज्ञानदेव, मूळचे हद्दीबाहेरच्या गावचे, जे आता हद्दीत आलंय. खिडकीबाहेर हा माणूस वेगळाच निघाला. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर थाप मारली आणि अर्ज उघडला. वैशंपायनकाकांनी अर्जात झाड आजारी असल्याचं म्हटलं होतं. पुरावा म्हणून सोसायटीच्या दप्तरात गेलेला माझा लेखी खुलासा जोडला होता. ‘पुरवठा बंद करतं’ या शब्दांखाली दोन रेघा. काका म्हणाले, “तज्ज्ञाचं मत आहे. स्वतःच्याच पानांचा पुरवठा बंद करणारं झाड सोसायटीत ठेवणं योग्य नाही.”

ज्ञानदेव माझ्याकडे बघून म्हणाले, “तज्ज्ञ तुमी? पाहुणे ना तुमी?”

मग ते म्हणाले, बदाम दर साली लाल होतोय, आमच्या बांधाला दोन हायेत, झाडाला काही झालेलं नाही. पण नुसतं माहीत असून भागत नाही. फॉर्मवर रकाना आहे, ‘पाने लाल होण्याचे कारण’. तो रिकामा सोडता येत नाही. आणि हरकतच आली नाही तर कारण लिहूनही उपयोग नाही, झाड जाणार. हरकतीची मुदत पाचला संपते.

फाटकाशी आता बरीच गर्दी होती. जिन्यात सायंकट्टा बसला होता. सहाही जण भिंतीकडे तोंड करून, म्हणजे ते ऐकत होते. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वरालीने पुन्हा हात वर केला.

“हिरवं काढून घेतलं, मग लाल आलं कुठून?”

“लाल आधी नसतं,” मी म्हटलं. “ते पान शेवटी शेवटी नवीन तयार करतं.”

जिन्यातून बाळकाकांचा आवाज आला. “कोण तयार करतं? झाड?”

“नाही काका. पान. स्वतः.”

“सगळं जमा केल्यावर?”

“करता करता.”

“ऑफिसची परवानगी लागते?”

“कुणी विचारत नाही.”

पान ते कशासाठी तयार करतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उन्हापासून बचाव म्हणून असं काही शास्त्रज्ञांना वाटतं, पण त्यांच्यात एकमत नाही. “मग बरोबर असेल,” काका म्हणाले आणि उठले.

मंदाकिनीकाकू उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “आणि पिवळा?”

“पिवळा तर पहिल्यापासूनच असतो, काकू. हिरव्याखाली झाकलेला. हिरवा गेला की दिसतो.”

काकूंनी चष्मा काढला, हळदी शालीच्या टोकाने पुसला आणि परत लावला. छत्तीस वर्षं, मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या नजरेसमोरून आवक-जावक क्रमांकांनिशी गेली असावीत. मग त्या म्हणाल्या, “हे लेखी द्या. पिवळ्याचा परिच्छेद वेगळा.”

साडेचार वाजले होते. काकूंनी पर्समधून कार्बन काढला. कोणत्या वर्षात कोणाच्या पर्समध्ये कार्बन असतो, हे मी विचारलं नाही. आधीची ना-हरकत मागे घेत असल्याचा एक कागद, हरकतीचा एक, माझ्या खुलाशाचा एक. मी खुलासा तिथेच ज्ञानदेवांच्या हातात देऊ लागलो तर ते दोन पावलं मागे सरले.

“हितं नाय घेता येत. खिडकीवर द्यावं लागतं.”

मी विचारलं, खिडकीवर आत्ता कोण आहे.

“खिडकीवर मीच असतो.”

“मग आत्ता?”

“आत्ता मी हितं हाय,” ज्ञानदेव म्हणाले. त्यांनाही त्याचं वाईट वाटत होतं.

म्हणजे हरकत पोचायच्या आधी ती स्वीकारणारा माणूस खिडकीवर पोचवायला हवा होता. ज्ञानदेव बसने आले होते. माझी स्कूटर होती, पण कागदांवर माझी आणखी तीन ठिकाणी सही व्हायची होती आणि कागद काकूंच्या हातातून जाणार नव्हते. तेव्हा बाळकाका माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

“किल्ली,” ते म्हणाले. “जमा करा.”

मी वर बघितलं. गॅलरीत तेजस्विनीवहिनी उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन काकांचं हेल्मेट खाली टाकलं. ज्ञानदेवांनी ते झेललं.

त्यानंतर काय झालं ते मला ज्ञानदेवांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. स्कूटर कुठल्याही वन-वेत उलटी गेली नाही, कारण ती कुठल्याही रस्त्यानेच गेली नाही. ती बोळाबोळाने गेली, जिथून एकेकाळी तारा जात होत्या. दोन वाड्यांचे मागचे दरवाजे आणि एका गिरणीचा ओटा लागला. प्रत्येक वळणावर काका मागे न बघता तिथल्या जुन्या ग्राहकाचा टेलिफोन नंबर सांगत होते.

मी आणि काकू रिक्षाने पोचलो तेव्हा चार वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. बाळकाका बाहेर स्कूटरला टेकून उभे होते, केस विस्कटलेले, गाल लाल. ज्ञानदेव आत जाऊन, हात धुऊन, खुर्चीवर बसले होते. त्यांनी खिडकी उघडली, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, “बोला. कुठून आलात?”

काकूंनी शांतपणे पत्ता सांगितला. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. दोघांनी एकमेकांकडे ज्या आदराने बघितलं ते मी कधी विसरणार नाही. शिक्का बसला. पोच मिळाली. झाड वाचलं. नंतर मी रकान्यात डोकावून बघितलं. पाने लाल होण्याचे कारण: ‘वैयक्तिक.’

पान नंबर एक तीस जानेवारीला पडलं, वैशंपायनकाकांच्या गाडीच्या बॉनेटवर. स्वरालीने ते चौकोनात चिकटवलं. चौकोनात ते मावलं नाही, वर्कशीटच्या बाहेरही आलं. वर्गात तिने सगळं समजावून सांगितलं, किल्लीसकट. बाईंचा शेरा आला: ‘उत्तम. मात्र शरद ऋतू ऑक्टोबरात असतो.’

सायंकट्टा बाकावर परत आला. बाळकाकांनी लाल स्वेटर घेतला. त्यांची किल्ली आता देवघराच्या खालच्या फळीवर असते. मंदाकिनीकाकू रोज सकाळी सहाला खिडकी उघडून गाण्याचा रियाज करतात. तो हिरव्याखालचा पिवळा असल्यामुळे कुणाला तक्रार करता येत नाही.

एक एप्रिलला संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा बदाम कोवळ्या पानांनी पुन्हा हिरवागार झाला होता. त्याच्याखाली, गाडी आणि बाक यांच्या मधोमध, वैशंपायनकाका उभे होते. आदल्या दिवशी ते निवृत्त झाले होते. अंगात ऑफिसचाच शर्ट, खाली नवी बर्म्युडा, हातात भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. ते झाडाकडे बघत होते. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “सलिल, ते लाल होणं... ते आपोआप होतं, की अर्ज करावा लागतो?”

मी उत्तर द्यायच्या आत बाकावरून मंदाकिनीकाकू थोड्या सरकल्या. एका माणसापुरती जागा झाली.

“करावा लागतो,” त्या म्हणाल्या. “दोन प्रतींत.”